उतार, पूल आणि पलीकडचा माळ

५ नोव्हेंबर १८१७ची दुपार. दापोडीच्या छावणीतून एक पलटण तीन तोफा ओढत मुळा नदीकडे निघाली. पलटण पेशव्यांच्या पगारावरची, कवायत इंग्रजी, आणि हुकूम फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा. नदीपलीकडे खडकीच्या माळावर कर्नल बर कंपनीचं सैन्य घेऊन उभा होता. समोर गणेशखिंडीच्या अंगाने बापू गोखल्यांचे घोडेस्वार दाटले होते आणि पेशवे दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. फोर्डची पलटण पाण्यात उतरली, पार झाली आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध रांग धरून उभी राहिली.

या लढाईत जरीपटक्यासह चालून गेलेले पेशव्यांचे कारभारी मोरो दीक्षित पडले. दीक्षित आणि फोर्ड यांचा जुना स्नेह होता. लढाई अटळ आहे हे दिसल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की कुणाचाही पक्ष हरला तरी वाचलेल्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं. आणि दीक्षितांचा घात झाला तो फोर्डच्याच पलटणीच्या तोफांनी. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. खडकीच्या लढाईवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, पण ती दापोडीच्या बाजूने क्वचितच पाहिली जाते. त्या दिवशी कंपनीच्या सैन्याची एक बाजू नदीच्या उतारातून वर आली होती.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगणारे बहुधा १९५४पासून सुरुवात करतात. त्या साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग बजाज आली, टेल्को आली, एमआयडीसी आली आणि खेड्यांचं शहर झालं. हे सगळं खरं आहे. पण या पट्ट्याचा पाया त्याच्या कितीतरी आधी, नदी जिथे ओलांडायची त्या जागेवर घातला गेला, असं मला वाटतं. ती जागा म्हणजे दापोडी आणि बोपोडी यांच्यामधली मुळा. आज तिथे हॅरिस पूल आहे.

जागा अशी का ठरली, हे नकाशा समोर घेतला की लगेच कळतं. मुळा मुळशीच्या डोंगरातून येते, पवना मावळातून. सांगवी दोघींच्या मधल्या जिभेवर वसलेली आहे आणि तिच्या टोकाशी, दापोडीच्या जवळ, पवना मुळेला मिळते. मुंबईकडून येणारा रस्ता देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असा पवनेच्या डाव्या तीराच्या बाजूने खाली येतो. वाटेत पवना ओलांडावी लागत नाही. दापोडीला संगमाच्या खाली पोचलं की दोन्ही नद्यांचं पाणी एकाच पात्रात असतं आणि एका ओलांडण्यात दोन्ही नद्या पार होतात. पायी चालणाऱ्याने, बैल हाकणाऱ्याने हे शहाणपण इंजिनिअरांच्या कितीतरी आधी हेरलं होतं. रस्ता आखणारे साहेब आणि रेल्वे आखणारे साहेब नंतर त्याच वाटेने आले.

लढाईनंतर दापोडीचं रूप पालटलं. फोर्डने इथे नदीकाठी मोठा बंगला आणि बाग केली होती. १८२८च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याने ती मालमत्ता सरकारसाठी घेतली. पुढची साडेतीन दशकं गव्हर्नरचा पुण्याकडचा मुक्काम दापोडीला असे. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट जुलै १८३८मध्ये इथेच वारला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला ज्याचं नाव आहे तो हाच. त्याला पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये पुरलं. म्हणजे एके काळी मुंबई इलाख्याचा कारभार काही महिने या नदीकाठावरून चालत होता. आज दापोडीच्या गल्ल्यांमधून फिरताना त्याची काही खूण दिसत नाही.

बागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती या परिसराने जवळजवळ विसरून टाकलेली गोष्ट आहे. मॅल्कमने बंगल्याभोवती सरकारी वनस्पतिउद्यान सुरू केलं. १८३८मध्ये त्याची सूत्रं अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. परदेशी फळझाडं आणि पिकं इथे लावून पाहिली जात, औषधी वनस्पती वाढवल्या जात. जुन्नरजवळच्या हिवऱ्यालाही त्याची अशीच एक बाग होती. १८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरावरची झाडी तुटली की झरे आटतात आणि नद्यांत गाळ भरतो, हे तो सरकारला बजावून सांगत राहिला. त्याच सुमारास त्याने बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रकार भारतीय होता, बहुधा गोव्याकडचा, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पानाच्या शिरा, पाकळीची कड, फळाचा आडवा छेद इतक्या बारकाईने रंगवलेली अशी सुमारे १७० चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये सांभाळून ठेवली आहेत. ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने ती जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना माहीत आहेत. दापोडीचं नाव असं दूर स्कॉटलंडमध्ये जपलं गेलं आहे, आणि दापोडीच्या शाळेतल्या पोरांना ते कुणी सांगत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

१८६४मध्ये गणेशखिंडीत गव्हर्नरच्या नव्या निवासाचं काम सुरू झालं. तीच आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. साहेब तिकडे गेला आणि दापोडीचा बंगला मागे पडला. मात्र तोवर या जागेतून दोन मोठ्या वाटा गेल्या होत्या.

पहिली वाट म्हणजे मुंबई-पुणे रस्ता. त्या काळी मुंबईकर होडीने पनवेलला उतरत आणि तिथून घाट चढत. बोरघाटातून चाकांची गाडी नेता येईल असा रस्ता पुरा झाल्यावर १० नोव्हेंबर १८३० रोजी मॅल्कमने तो खुला केला. त्याआधी घाटात माल बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून जाई. गाडीरस्ता झाल्यावर देशावरचा माल बंदरापर्यंत बैलगाडीने जाऊ लागला. या रस्त्याबरोबरच खंडाळ्याच्या घाटात एक दगडी पूल उभा राहिला. पुढे वेदनाशामक बामच्या जाहिरातफलकामुळे लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. हॅरिस पुलाचा तो थोरला भाऊच. त्याची आठवण पुढे परत काढावी लागणार आहे.

दुसरी वाट लोखंडाची. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि आगगाडीही दापोडीच्याच अंगाने मुळा ओलांडू लागली. घाटातलं काम अजून चालू होतं, त्यामुळे पाच वर्षं प्रवासी पायथ्याशी उतरून डोली, पालखी किंवा तट्टावरून घाट चढत आणि वर दुसरी गाडी धरत. घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यानंतर थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने माघार न घेता कंत्राट पुढे चालवलं. १८६३मध्ये घाट पुरा झाला. मुंबई आणि पुणे सलग जोडली गेली.

आता पुलाकडे.

हॅरिस पूल १८९५चा. नाव लॉर्ड हॅरिसचं. हा १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता आणि फेब्रुवारी १८९५मध्ये कारभार लॉर्ड सँडहर्स्टच्या हाती देऊन परत गेला. जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस हा घराणेदार साम्राज्याचा माणूस. त्याचा पणजोबा जनरल हॅरिस १७९९ साली श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्धच्या फौजेचा सेनापती होता. बाप त्रिनिदादचा आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर. स्वतः हॅरिस इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा कप्तान राहिलेला. मुंबई इलाख्यात त्याचा कारभार फारसा लोकप्रिय नव्हता. १८९३च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा तो पुण्यात गणेशखिंडीत होता आणि मुंबईत उशिरा पोचला, ही टीका त्याच्यावर तेव्हाही झाली आणि इतिहासकारांनी नंतरही केली. त्याच वर्षी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. राजकारण तापत होतं आणि गव्हर्नरचं मन मैदानावर होतं, असं म्हटलं तर फार अन्याय होणार नाही.

मराठी घरांत मात्र हॅरिसचं नाव राहिलं ते वेगळ्याच कारणाने. मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. मराठी माणसाला हॅरिस शब्द ठाऊक आहे तो एक तर त्या भागीमुळे, नाहीतर पुण्याहून पिंपरीला जाताना अडकून पडलेल्या गाडीमुळे. दोन्हींच्या मागे एकच माणूस आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. पुण्याने साहेबांची बाकी बरीच नावं पुसली. रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली, लॉइड पुलाचा शिवाजी पूल झाला, फिट्झगेराल्ड पुलाला लोक बंडगार्डनचा पूल म्हणतात. हॅरिसचं नाव तेवढं लोकांच्या तोंडून गेलं नाही.

पूल दगडी, कमानींचा. अशा पुलाची बांधणी कशी चाले ते समजून घेतलं की त्याच्याकडे पाहायची नजर बदलते. काम पावसाळा सरल्यावर सुरू करायचं आणि पहिल्या वळवाच्या आत पाण्यातलं बांधकाम वर आणायचं, हा नियम. माती-दगडांचे बांध घालून पात्राचा एक भाग कोरडा करायचा. दख्खनच्या नद्यांना तळाशी कातळ लवकर लागतो, त्यावर खांबांचा पाया बसवायचा. दगड इथलाच काळा पाषाण. पाथरवट तो सुतकी-छिन्नीने घडवत आणि प्रत्येक दगडाचा उतार असा काढत की शेजारच्याला तो नेमका भिडावा. जोडायला सिमेंट नव्हे, चुना. गोल चरात दगडी चाक बैलाकडून फिरवून चुना आणि वाळू तासन्‌तास मळायची, हीच चुन्याची घाणी. चुना जितका मळला जाई तितका मुरे, आणि मुरलेला चुना पुढे वर्षानुवर्षं कडक होत जातो. कमान बांधताना खाली लाकडाचा सांगाडा उभा करत. दोन्ही बाजूंनी दगड चढवत नेऊन माथ्यावरचा चावीचा दगड ठोकून बसवला की सांगाडा काढून घेत. तिथून पुढे कमान स्वतःच्या वजनावर उभी. दगड एकमेकांना दाबून धरतात, आणि वरून भार आला तर तो दाब खांबांतून सरळ कातळात उतरतो. लोखंडी सळई नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. बैलगाडी आणि टांगा यांच्यासाठी बांधलेल्या दगडी कमानी पुढे दहा-दहा टनांचे ट्रक का पेलू शकल्या, याचं उत्तर एवढ्यात आहे.

खांबांची पुराच्या बाजूची टोकं निमुळती घडवायची, म्हणजे पाणी दुभंगून जातं. अशा पुलाला धोका असतो तो खालून. पूर पायाशी भोवरे घालतो, खांबाच्या बुडाची माती आणि दगड उपसून नेतो, आणि वरून धडधाकट दिसणारा पूल एका रात्रीत बसतो. म्हणून जुन्या पुलाची पाहणी कठड्यावर उभं राहून होत नाही. पात्रात उतरावं लागतं.

पूल झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९६च्या अखेरीस, पुण्यात प्लेग शिरला. शहर रिकामं होऊ लागलं. लोक मिळेल त्या वाटेने गावाबाहेर पडून झोपड्यांत राहिले. घरझडतीच्या जाचातून प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, २२ जून १८९७च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर. हा हल्ला करणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे. चिंचवडला तेव्हा मोरया गोसावींचं देवस्थान, पवनेचा घाट आणि शेती एवढंच होतं. नदीच्या या बाजूचा माणूस कोर्टकचेरीला, औषधाला, शाळेला, बाजाराला पुण्यात जाई, तो दापोडीवरूनच.

या पुलाचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत इमानी वाटसरू मात्र वेगळा आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवलेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत हॅरिस पुलावरून पुण्यात शिरते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून दिघीच्या वाटेने येते, तिला हा पूल लागत नाही. तुकोबांची पालखी येते त्या दिवशी पहाटेपासून पुलावर गाड्या बंद असतात. आधी दिंड्या येतात, भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग चौघडा, मग रथ. ज्या पुलावर एरवी दोन पावलं निवांत चालता येत नाहीत, त्याच्या मधोमध वारकरी टाळ घेऊन पावली खेळतात. कठड्याला टेकून एखादी म्हातारी पायातला काटा काढत बसलेली असते आणि तिच्या गावची दिंडी तिच्यासाठी थांबलेली असते. ज्येष्ठातली मुळा गढूळ, फुगायला लागलेली. अशा पाण्यातून पूर्वी माणसं, बैल आणि पालख्या पार करणं म्हणजे काय असेल, याची कल्पना तिथे उभं राहिलं की येते.

पुलाखालची नदीही तीच राहिली नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच, आणि वरचं मुळेचं पाणी डोंगर फोडून कोकणात भिऱ्याला उतरवून त्यावर मुंबईसाठी वीज होऊ लागली. पवनेवर १९७२मध्ये धरण झालं, त्याच्या पाण्यावर आज पिंपरी-चिंचवड जगतं. उन्हाळ्यात हॅरिस पुलावरून खाली पाहिलं तर पाणी दिसत नाही, हिरवीगार जलपर्णी दिसते. डास आणि वास यांनी काठावरची वस्ती बेजार होते.

स्वातंत्र्यानंतर दापोडीच्या आसपास ज्या दोन संस्था आल्या त्यांचं या पुलाशी जवळचं नातं जुळतं. १९४८मध्ये लष्कराचं मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज रूरकीहून दापोडीला हललं. सीएमई म्हणून सगळे ओळखतात ते हेच. रस्ते आणि पूल बांधायचं शिक्षण देणारी लष्कराची ही मुख्य शाळा जुन्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स, तेही पूल टाकणारेच. आणि दापोडीलाच एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्या कितीतरी लाल गाड्यांचे सांगाडे दापोडीत बांधले गेले.

मग कारखाने आले. मुंबईत जागा संपत चालली होती आणि तिथे नव्या उद्योगांवर बंधनं येऊ लागली होती. इकडे पवनेचं पाणी, सपाट माळ, दाराशी रेल्वे आणि बंदरापर्यंत सरळ रस्ता होता. १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, लोकांच्या भाषेत एचए, आणि पाठोपाठ पेनिसिलिनचं उत्पादन. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर, पिंपरीत टेल्कोचा कारखाना. १९७०मध्ये नगरपालिका, १९८२मध्ये महानगरपालिका. ज्या माळावर बाजरी पिकत होती तिथे पाळीचे भोंगे वाजू लागले.

सुरुवातीला कामगार राहायला पुण्यात आणि कामाला पिंपरीत. भल्या पहाटे हॅरिस पुलावरून सायकलींची रांग लागे, डबा हँडलला अडकवलेला, थंडीत कानाला मफलर. चढावर काहीजण उतरून सायकल ढकलत. पहिली पाळी गाठायची म्हणजे बोपोडीचा चौक अमुक वाजता मागे पडलाच पाहिजे, असा प्रत्येकाचा हिशोब. मग कंपन्यांच्या बसगाड्या आल्या, पीएमटी आणि पीसीएमटीच्या शहर बस आल्या, लुना आणि स्कूटर आल्या. संध्याकाळी तीच माणसं उलट दिशेने. सुट्या भागांचे टेम्पो दिवसभर. नाशिक फाट्यावरून एक वाट भोसरीला आणि पुढे चाकणला जाते. नव्वदीच्या दशकाअखेर बजाजने चाकणला कारखाना काढला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पिंपरीत जन्मलेली मर्सिडीजची जुळणीही चाकणला गेली. जर्मनीत आखलेल्या मोटारीचे काही भाग आणि ते जोडणारी बरीच माणसं रोज १८९५च्या दगडी पुलाच्या वाटेने जात होती. मोटारीचं शहर म्हणून मिरवताना आपण या गोष्टीचा कधी विचार केला नाही.

२००१च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, २०११मध्ये १७ लाखांवर गेली. महापालिकेने निगडी ते दापोडी रस्ता चांगला ६१ मीटर रुंद केला. त्या ऐसपैस रस्त्यावरून सुसाट आलेली वाहनं दापोडीला येऊन पुलाच्या तोंडाशी चोंदत. बाटलीच्या निमुळत्या गळ्यासारखी ती जागा झाली. शेजारी आधी एक जोडपूल झाला होता, तोही पुरेना. नदीच्या मध्यातून दोन महापालिकांची हद्द जाते, त्यामुळे खर्च कुणी किती उचलायचा, दुसऱ्या काठावरच्या घरांचं काय करायचं, यात वर्षं गेली. शेवटी दोन्ही महापालिकांनी मिळून दोन्ही अंगांना नवे समांतर पूल बांधले आणि गेल्या दशकाच्या अखेरीस ते वापरात आले. ६ मार्च २०२२ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ला ती पुढे दापोडी, बोपोडीवरून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत गेली. आता मुळा ओलांडायला दगड, काँक्रीट, रूळ आणि मेट्रोचा उंच मार्ग, सगळे एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. दोनशे वर्षं झाली तरी ओलांडायची जागा तीच.

मधल्या काळात महाराष्ट्रात जुन्या पुलांविषयी भीती बसली होती, आणि ती रास्त होती. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८चा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं प्रवाशांसह वाहून गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. काही मृतदेह दूर समुद्राच्या तोंडाशी सापडले. त्यानंतर राज्यभर ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. हॅरिस पुलाचं वय तेव्हा १२१ होतं.

पण जुनं म्हणजे धोक्याचं आणि नवं म्हणजे पक्कं, असा सरळ हिशोब करता येत नाही. १५ जून २०२५ला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. तो पूल हॅरिस पुलाच्या मानाने कालचा, जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा. गंज लागला होता, धोकादायक म्हणून फलकही होता, आणि तरी लोक त्यावर जात होते. पूल वयाने पडतो त्याहून जास्त दुर्लक्षाने पडतो.

आणि कधी कधी पूल पाडलाही जातो. खंडाळ्याचा अमृतांजन पूल, १८३०चा, एक्स्प्रेसवे झाल्यावर त्याच्या खांबांमधून वाहनांच्या रांगा जाऊ लागल्या. तिथे वाहतूक तुंबे, अपघात होत. करोनाच्या टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला पाहून एप्रिल २०२०मध्ये सुरुंग लावून तो पाडला. १९० वर्षांचा पूल काही क्षणांत धुळीचा लोट झाला. रस्त्यावरच्या माणसांच्या जिवासाठी तो निर्णय घ्यावा लागला असेल, हे मी समजू शकतो. जे समजत नाही ते हे, की इतक्या जुन्या बांधकामाचा एखादा तरी खांब, एखादी तरी कमान घाटात बाजूला पुन्हा रचून ठेवावी असं कुणाला का वाटलं नाही.

हॅरिस पुलाच्या बाबतीत ही वेळ येऊ द्यायची नसेल तर कामं साधी आहेत. समांतर पुलांनी त्याच्यावरचा भार हलका केला आहे, तेव्हा दुरुस्तीसाठी तो काही दिवस बंद ठेवणं आता अशक्य राहिलेलं नाही. दगडी बांधकामाचा खरा वैरी पिंपळ. सांध्यांत रुजलेली रोपं मुळासकट काढून तिथे चुनाच भरायला हवा, सिमेंट नव्हे, कारण सिमेंटचा लेप चुन्याशी एकजीव होत नाही आणि आत पाणी कोंडून धरतो. खांबांचे पाय दर वर्षी पात्रात उतरून तपासले जावेत आणि तो अहवाल दोन्ही महापालिकांनी लोकांसमोर ठेवावा. पुलाचे मोजमाप केलेले नकाशे तयार व्हावेत. त्यासाठी दूर कुठे जायला नको. सीएमई शेजारी आहे, सॅपर्स पलीकडे आहेत, पुण्या-पिंपरीत स्थापत्याची कॉलेजं ढीगभर आहेत. आणि दापोडीच्या टोकाला मराठीत एक पाटी असावी : १८१७चा उतार, गिब्सनची बाग आणि तिथल्या त्या अनाम चित्रकाराची चित्रं, १८३०चा रस्ता, १८९५चा पूल. दसरा-दिवाळी उरकली, पाणी उतरलं, की या कामांना हात घालता येतो.